सुईला लावलेला बोल

बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली की कौसामाय अंगणातल्या माणसांकडं बघायचीच नाही. आधी हात धुवायला गरम पाणी मागायची. कोणी खाकरायचं, कोणी विचारायचं काय झालं म्हणून. ती म्हणायची, "बाई मोकळी झाली. बाई बरी हाय." मग दोन्ही हात कोपरापर्यंत घासून धुवायची, पदराला पुसायची, आणि तोवर अंगणात कोणाचा जीव खालीवर होत असला तरी मुलगा की मुलगी ते सांगायची नाही. आमच्या गल्लीतल्या थोरल्या पाटलांनी तिला एकदा तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिनं आणखी पाणी मागितलं. चौथ्यांदा ते चिडले तेव्हा म्हणाली, "आदी तिला गूळ घालून चहा द्या मालक. सकाळपासून ती काम करून राह्यली, तुमी बसून व्हते." पाटील स्वतः आत जाऊन चहा ठेवा म्हणाले. त्यानंतरच त्यांना नातू झाल्याचं कळलं.

ही गोष्ट सांगून गावातल्या बायका अजून हसतात. तिची दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिचा अर्धा भाग फक्त मलाच माहीत आहे.

जालना जिल्हा नवा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी लग्न होऊन या गावात आले. माहेर हसनाबादकडचं. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. मुळात मला बोलायला जमायचं नाही. चार माणसांत कोणी काही विचारलं की मी पदराचं टोक चाळत बसायची. सासरी हे बरं मानतात, सून शांत आहे म्हणतात. शांत असणं आणि बोलता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

कौसामायचं घर ओढ्याच्या पलीकडं, बौद्धवाड्यात. उंच, काटक बाई. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी दूर नांदत होती. आवाज पुरुषासारखा जाड. हाताची बोटं लांब, आणि उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट वाकडं, कधीतरी उखळात सापडलेलं. ती चालत आली की वाटेतली कुत्री बाजूला व्हायची. तिला मिसरी लागायची, चहा लागायचा, आणि तिच्याइतकं बाळंतपण कोणालाच कळत नाही असं कोणीतरी म्हटलेलं लागायचं. कोणी म्हटलं नाही तर ती स्वतः म्हणायची.

आमच्या घरात तिचा कप वेगळा होता. ओसरीच्या बाहेरच्या कोनाड्यात, कान तुटलेला. ती तो स्वतः काढायची, धुवायची, पुढं धरायची, वरून चहा ओतला की प्यायची आणि पुन्हा धुवून ठेवायची. एकदा मीच चहा ओतत होते. मला म्हणाली, "सूनबाई, तुझा नवरा जन्मला तवा पयला माझ्या हातात आला. तवा इटाळ झाला न्हाई. कपालाच बरा व्हतो." आणि हसली. सासूबाई आत होत्या, त्यांनाही ऐकू गेलं असणार. तेव्हा मला वाटलं ती गंमत करते आहे.

सरकारी दवाखान्यानं गावोगावच्या सुइणींना तीन दिवस शिकवायला बोलावलं होतं. कौसामाय गेली आणि पुढं तीन महिने त्याच्याच गोष्टी सांगत राहिली. डॉक्टरीणबाईनं तिला विचारलं म्हणे, आजवर किती बाळंतपणं केली. हिनं उलट विचारलं, तुमच्या दवाखान्यात खाटा किती. तिथं तिला एक पत्र्याची पेटी मिळाली. साबण, नखं घासायचा ब्रश, बाळाची नाळ बांधायचा दोरा, खाली अंथरायचा मेणकापडाचा तुकडा आणि कागदाच्या पुड्यांतली नवी पाती. एका बाळंतपणाला एक पातं, वापरलं की टाकायचं, असं सांगितलेलं.

कौसामायनं ती पेटी धडुत्यात बांधून फळीवर ठेवली. पाती काढली नाहीत. एखादी बाई अडली, फार कठीण वेळ आली, तर त्या वेळेला नवं पातं वापरू असं तिचं म्हणणं. रोजच्या सरळ बाळंतपणाला तिचं जुनं पातं होतं. ते ती चिंधीत गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवायची, कोमट पाण्यात बुडवून, पुसून वापरायची. तिला हसायचं कारण नाही. माझ्या लग्नातलं चांगलं पातळ मी अकरा वर्षं पेटीत ठेवलं आणि घडीवरच विरलं. आमच्याकडं चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गेलेही. लोक म्हणाले पहिल्या खेपेला होतं कधी कधी. सासूबाईंनी हळदीचं दूध दिलं, पाच दिवस विहिरीवर जाऊ दिलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा राहिले. चौथा महिना लागला होता. कापूस वेचणीचे दिवस होते. शनिवारी शेतात ओटीत कापूस भरता भरता मला खाली ओल लागली. आडोशाला जाऊन पाहिलं तर डाग होता. छोटा, नखाएवढा.

मी कोणाला सांगितलं नाही. घरी सासूबाईंना सांगायची हिंमत नव्हती. पहिल्या खेपेनंतर त्यांच्या नणंदेनं मला ऐकवून म्हटलं होतं की एखाद्या बाईच्या अंगालाच ते टिकत नाही. वाटेत ओढ्यावर कौसामाय धुणं धूत होती. तिला सांगितलं. तिनं कपडा पाहिला, पोटाला हात लावला नाही. म्हणाली, घरी जाऊन पाय वर करून पड, ताप आला म्हण. दोन दिवस मी पडून राहिले. डाग कमी झाला, पुन्हा लागला.

मंगळवारी नर्सबाई आली. ती तीर्थपुरीच्या रस्त्याला एसटीनं उतरायची आणि खांद्याला लशीचा डबा लावून पायी गावात यायची. शाळेच्या ओसरीवर गरोदर बायकांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायची. सासूबाईंनीच मला पाठवलं, सरकारी आहे, चांगलंच असेल म्हणाल्या. नर्सबाईनं मला काही त्रास आहे का विचारलं. मागं सहा बायका रांगेत होत्या. मी मान हलवून नाही म्हटलं. तिनं दंडावर टोचलं.

गुरुवारी सगळं गेलं.

शुक्रवारी दुपारी मी आतल्या खोलीत बाजेवर होते. दार लोटलेलं. ओसरीवर सासूबाई आणि त्यांची नणंद. नणंदबाई म्हणत होत्या की दोन गेले, आता तिसऱ्याची वाट कशाला बघायची. पोरीला माहेरी धाडा आणि तुमच्या भावाला निरोप द्या, त्याची पोरगी उपवर आहे, घरातलीच आहे. सासूबाई नाही म्हणत नव्हत्या. मी छताच्या आढ्याकडं बघत होते. रडूही येत नव्हतं, इतकी मी दमले होते.

कौसामाय अंगणात माझे कपडे धूत होती. तिचा हात थांबल्याचं मला आवाजावरून कळलं.

"पाटलीणबाई," ती म्हणाली, "सुनेचा काय दोष त्याच्यात? मंगळवारी सुई टोचली, गुरुवारी पडलं. बराबर हाय का न्हाई? त्या सुईनंच पडलं."

सासूबाईंनी विचारलं, "खरं सांगून राह्यलीस का?"

"मला खोटं बोलून काय भेटायचंय," कौसामाय म्हणाली आणि पुन्हा कपडे आपटायला लागली.

माहेरी धाडायचं तिथंच राहिलं. भावाला निरोप गेला नाही. मला तिनं त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही आणि मीही तिला काही म्हटलं नाही. डाग शनिवारी लागला होता हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

पुढच्या मंगळवारी नर्सबाई शाळेच्या ओसरीवर दुपारपर्यंत एकटी बसली. मग घरोघर आली. बायकांनी कड्या लावल्या. नसबंदीच्या वेळचे दिवस लोक विसरले नव्हते, त्यात हे. कोणी म्हणालं सुईत मूल पाडायचं औषध घालतात, कोणी म्हणालं पुढं होऊच नये म्हणून घालतात. नर्सबाई उन्हात आमच्या दारासमोर उभी राहिली होती, तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि मागं सरले.

नवल म्हणजे, ऐकून ऐकून मलाही तसंच आठवायला लागलं. शनिवार माझ्याच मनात पुसट होत गेला. दंडावर हात गेला की तिथं दुखल्यासारखं व्हायचं.

आमच्या मागच्या घरात शांता होती, माझ्याच वयाची. ती त्यानंतर काही महिन्यांनी गरोदर राहिली. एकदा विहिरीवर दोघीच होतो तेव्हा तिनं मला विचारलं, "तुला खरंच त्या सुईनं झालं का गं?" मी म्हटलं, "लोक म्हणतात तसं." ती म्हणाली मग मी नाही घेत बाई. मी घागर डोक्यावर घेतली आणि चालायला लागले. त्या वेळी माझ्या तोंडात दोन शब्द होते. ते मी गिळले.

शांताला मुलगा झाला. सरळ बाळंतपण होतं. कौसामायनं जुन्याच पात्यानं नाळ कापली, गरम पाणी मागितलं, हात धुतले. पाच दिवस बाळ छान प्यायलं. सहाव्या दिवशी त्याला स्तन धरता येईना. तोंड उघडेना. कोणी हात लावला, दार वाजलं, उजेड पडला, की अंग ताठ व्हायचं आणि पाठ मागं कमानीसारखी वळायची. कौसामायला बोलावलं. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, आणि ते तिच्या हातात तसंच ताठ झालं. मी दाराशी उभी होते. तिचं तोंड मला दिसलं. तसं तोंड मी पुन्हा कोणाचं पाहिलं नाही. बाळाला जालन्याला नेलं. दुसऱ्या दिवशी कापडात गुंडाळून परत आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं होतं की आईनं गरोदरपणात इंजेक्शन घेतलं होतं का.

चार दिवसांनी नर्सबाई चौकशीला आली. शाळेच्या ओसरीवर कौसामायला बोलावून पेटी आणायला सांगितली. आम्ही बायका लांब उभ्या होतो. नर्सबाईनं धडुतं सोडलं, झाकण उघडलं. पुड्या जशाच्या तशा होत्या, एकही उघडलेली नाही. नर्सबाई तरुण होती, ओरडेल असं वाटलं. ती ओरडली नाही. तिनं झाकण लावलं आणि बराच वेळ पेटीवर हात ठेवून बसली. कौसामाय समोर उकिडवी, वाकडं बोट दुसऱ्या हातात धरून. नंतर पंधरा-वीस दिवस ती ओढ्याच्या अलीकडं आली नाही.

तेव्हा मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. चौथा महिना सुरू होता.

नर्सबाई आमच्या घरी आली. या वेळी कडी लावायच्या आत आली. तिनं सासूबाईंना बसवून सांगितलं की हे इंजेक्शन दंडात द्यायचं असतं, आईला आणि बाळाला दोघांनाही धनुर्वातापासून वाचवतं, महिन्याच्या अंतरानं दोनदा घ्यावं लागतं. यानं गर्भ पडत नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या डोळ्यांनी पाह्यलंय बाई. तुमी आम्हाला शिकवू नका." नर्सबाई माझ्याकडं वळली. "ताई, त्या वेळी इंजेक्शनच्या आधी काही डाग लागला होता का? आठवून सांगा."

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी जमिनीकडं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटांचे ओरखडे दिसतात, ते मी मोजत राहिले. नर्सबाई डबा उचलून गेली.

खरं तर मला काय हवं होतं ते मलाच कळत नव्हतं. सुई घेतली आणि हेही गेलं, तर मला या घरात जागा नव्हती आणि गावातली एकही बाई पुन्हा दंड पुढं करणार नव्हती. नाही घेतली तर डोळ्यांसमोर शांताचं बाळ यायचं. दिवसभर मी कामं करायची आणि प्रत्येक वेळी आडोशाला जाऊन कपडा बघायची. कोरडा दिसला तरी विश्वास बसायचा नाही.

दोन दिवसांनी मी गोठ्यामागं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत होते. कौसामाय आली. खंगली होती. इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"त्या दिवशी म्या लबाडी केली," ती म्हणाली. "तुला माहीत हाय. तुला हाकलून देऊन राह्यले व्हते म्हणून बोलले. त्या बोलण्यानं शांतीनं सुई घेतली न्हाई. आता तू घे. तुझ्या सासूला मी खरं सांगते, की डाग आदीच लागल्ता."

मी दुसरी पऱ्हाटी उचलली.

"तुझी सासू तुला बोलंल. लपवलं म्हणून बोलंल. लई बोलंल. पण सांगू का?"

मी हातातली पऱ्हाटी मोडत होते, तिचे लहान लहान तुकडे करत होते.

"बोल न्हाईतर मान हलव, पोरी."

माझी मान हलली नाही. माझ्या डोळ्यांपुढं ओसरीवरच्या नणंदबाई होत्या, भावाची उपवर पोरगी होती, आणि लपवून ठेवणारी सून हा नवा शब्द होता. कौसामायनं माझ्या हाताकडं पाहिलं. त्या तुकड्यांकडं पाहिलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या अंगणात येऊन बसली. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. मी चुलीपाशी. ती म्हणाली, "पाटलीणबाई, एक सांगायचं राह्यलं. मागच्या खेपेला सुईनं काही झालं न्हाई. त्याच्या आदी म्या सूनबाईचं पोट चोळलं व्हतं. गर्भ आडवा वाटला म्हणून. जोर जास्ती झाला. माझ्याच हातानं पडलं."

सुपाचा आवाज थांबला.

"अन् मंग सुईवर घातलंस?"

"भ्याले."

तिनं माझ्या पोटाला कधी हातसुद्धा लावला नव्हता. मी चुलीपाशी होते, दहा पावलांवर. दूध उतू गेलं तरी मी जागची हलले नाही.

सासूबाई उठल्या. काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. तिच्या जातीवरून बोलल्या, शांताच्या बाळावरून बोलल्या. शेवटी कोनाड्यातला तिचा कप काढला आणि उकिरड्यावर फेकला. कौसामायनं तो फुटताना पाहिला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ओढ्याकडं गेली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

तिचं बोलणं सगळ्या गावानं त्याच दिवशी मानलं. कोणी उलटा प्रश्न केला नाही. सुईला लावलेला बोल काढायला नर्सबाईला वर्षभर जमलं नव्हतं, तो एका सकाळीत निघाला, कारण आता तो कौसामायवर गेला होता आणि तिच्यावर ठेवायला सोपा होता.

संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांचीही तीन लेकरं गेलेली होती, दोन तर आठ दिवसांच्या आतच, ते त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. नवऱ्याला विचारलं तर ते आई म्हणेल तसं म्हणाले. मग सासूबाई मला म्हणाल्या, "आता तूच सांग. घेतीस का?"

त्या घरात मला कोणी काही विचारलं असेल तर ते तेव्हा पहिल्यांदा.

"घेते," मी म्हटलं. एवढंच. आवाज इतका बारीक की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

मंगळवारी शाळेच्या ओसरीवर मी एकटीच होते. टोचून घेतलं. पुढचे आठ दिवस मी कशी जगले ते मलाच माहीत. बुधवार गेला, गुरुवार गेला. गुरुवारी दिवसभर मी पायाला पाय लावून, जपून चालत होते. शनिवारी पोटात पहिल्यांदा काहीतरी फडफडलं, मासोळीनं शेपूट मारावं तसं. महिन्यानं दुसरं इंजेक्शन घेतलं. तेव्हा ओसरीवर आणखी चार बायका होत्या. पुढच्या वर्षी शांताला पुन्हा दिवस गेले तेव्हा रांगेत सगळ्यांच्या पुढं ती उभी होती, बाही आधीच वर सरकवून.

मला मुलगी झाली, अंबडच्या दवाखान्यात. बारशाला गावातल्या सगळ्या बायका आल्या.

कौसामायला त्यानंतर कोणी बोलावलं नाही. बाळंतपण आलं की बैलगाडी जुंपायचे किंवा शेजारच्या गावची सुईण आणायचे. तिनं पेटी नर्सबाईला परत दिली. ती लोकांच्या शेतात खुरपायला, वेचायला जाऊ लागली. पन्नाशी उलटलेली बाई, तरुण पोरींच्या बरोबरीनं पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, धरायची. वाटेत भेटली तर "बरी हाय का" म्हणायची आणि माझ्या मुलीच्या गालाला बोट लावायची. मी हो म्हणायची. बारा वर्षं आमच्यात एवढंच बोलणं झालं. दरवर्षी मी ठरवायची की या वर्षी सांगायचं. वर्ष सरायचं. धाकटा मुलगा झाला, नणंदबाई वारल्या, घरावर पत्रे आले, आणि ते तसंच राहिलं.

एकदा तीर्थपुरीच्या बाजारात ती मला मिरचीच्या ढिगाशी भेटली. गर्दी होती, आमच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मला बोलायला जमलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मी म्हटलं, "माय, मी आता आत्याबाईला सगळं सांगते. तू माझ्यासाठी एवढं केलं."

ती मिरच्या निवडत होती. देठ मोडलेल्या बाजूला काढत होती.

"तुझ्यासाठी केलं असं समजून बसली का इतके वर्षं?" ती म्हणाली. "शांतीचं लेकरू माझ्या पात्यानं गेलं. पोट चोळलं ही लबाडी, पण हात तर माझाच व्हता. मला बाळंतपणाचं भ्याव वाटून राह्यलं व्हतं. लोकांनी बोलावणं बंद केलं, बिलकुल बरं झालं." मग तिनं मिरच्या पिशवीत भरल्या. जाता जाता थांबली. "पण तू तवा नुसती मान हलवली असतीस ना पोरी, तर मला बरं वाटलं असतं."

त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितलं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. डाग शनिवारी लागला होता, कौसामायनं माझ्या अंगाला हात लावला नव्हता, असं सरळ सांगितलं. त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या.

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"भीती वाटली."

"माझी?"

"हो."

त्यांनी हातातली शेंग टोपल्यात टाकली, न सोलताच. "उद्या जा. ये म्हणावं तिला," म्हणाल्या.

कौसामायला मी शेवटचं पाहिलं ते त्या दुसऱ्या दिवशी. पुढं दिवाळीला ती मुलीकडं गेली आणि तिकडंच वारली, असं कोणीतरी नंतर सांगितलं. त्या सकाळी ती पाटलांच्या कपाशीत खुरपत होती. दहा-बारा बायकांची रांग, तिची पात मधोमध. मी बांधावर उभी राहिले आणि हाक मारली. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कोणाला हाक मारली नव्हती. सगळ्या बायकांनी वर पाहिलं. ती कमरेला हात लावून हळूहळू उभी राहिली, डोळ्यांवर तळवा धरला.

"आत्याबाईनं बोलावलंय," मी म्हटलं. आणि मग, सगळ्यांसमोर, "मी सांगितलं त्यांना. तू काही केलं नव्हतं. मला डाग आदीच लागल्ता."

बायका खुरपी धरून तशाच बसल्या. कौसामायनं डोळ्यांवरचा तळवा खाली घेतला.

"ऐकलं," ती म्हणाली. "एवढी पात शेवटाला लावते अन् येते."

ती खाली बसली. मी बांधावर थांबले. पात लांब होती. ऊन चढलं. एकेक बाई आपापल्या पातीच्या शेवटाला जाऊन पोचली, तीही पोचली. तिथं उठून ती पाणी प्यायली, तिनं खुरप्याला चिकटलेली माती दगडावर झटकली, आणि पाठ माझ्याकडं करून दुसरी पात धरली.